शिवडीची खाडी : वहिवाट चार पिढ्यांची, भरपाई एकदाच

मुंबई, प्रतिनिधी

मुंबईला नदी नाही, असे मुंबईकर सहज बोलून जातो. २६ जुलै २००५ च्या प्रलयाने मिठी नदीची आठवण करून दिली, तेवढीच काय ती. शिवडीच्या कोळ्याला मात्र असे वाटण्याचे कारण नाही. त्याच्या दारातली ठाण्याची खाडी भूगोलाच्या पुस्तकात खाडी असली, तरी तिच्या काठचे जगणे नदीकाठच्या जगण्याहून फारसे वेगळे नाही. सुमारे २६ किलोमीटर लांबीची ही खाडी वरच्या टोकाला एका चिंचोळ्या प्रवाहाने उल्हास नदीशी जोडलेली आहे. दोन्ही तीरांवर कोळ्यांची गावे, त्या गावांमधून सोयरिकी आणि दिवसातून दोनदा दिशा बदलणारे पाणी. याच पाण्यावरून जाणाऱ्या शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झाले. एकूण लांबी २१.८ किलोमीटर, त्यातील साडेसोळा किलोमीटर पाण्यावर. देशातील सर्वांत लांब सागरी पूल म्हणून त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तही आहे. दक्षिण मुंबईतून पलीकडच्या तीरावर जायला पूर्वी दीड-दोन तास मोडत; आता वीस मिनिटे पुरतात.

या पुलाने खाडीतल्या मासेमारीचे नुकसान झाले, हे कोणी नाकारलेले नाही. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने बाधित मच्छीमारांसाठी भरपाईचे धोरण आखले आणि पात्र ठरलेल्यांना रकमाही दिल्या. तेव्हापासून चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : रक्कम पुरेशी होती का? प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते त्याआधीचा एक प्रश्न कोणी धड विचारलेला नाही. भरपाई नेमकी कशाची द्यायची? एका माणसाच्या काही वर्षांच्या बुडालेल्या कमाईची, की बापाकडून मुलाकडे येत गेलेल्या वहिवाटीची? आपल्याकडचा सारा हिशेब पहिल्या गोष्टीचा होतो. बुडते ती दुसरी.

वहिवाट हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. खाडीत डोल लावली जाते. पाण्यात रोवलेल्या खुंटांना मोठे पिशवीसारखे जाळे बांधतात. भरती-ओहोटीचा प्रवाहच मासळी जाळ्यात आणून सोडतो. माणसाने मासळीमागे धावायचे नाही, पाणी कोठून आणि किती जोराने वाहते ते ओळखून खुंट रोवायचे. त्यामुळे जागेला सारे महत्त्व असते. कोणत्या घराची डोल कोठे, हे कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते आणि शेताच्या बांधाइतक्याच निष्ठेने पाळले जाते. शेतकऱ्याच्या बांधाला मात्र सातबारा आहे. पाण्यातल्या बांधाला कोणताच उतारा नाही.

शिवडीतील एखाद्या कोळी घराची वंशावळ आणि मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा इतिहास शेजारी ठेवून पाहिला, तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. पुढील मांडणी कोणा एका कुटुंबाचे चरित्र नव्हे. ढोबळ आराखडा आहे.

पणजोबांच्या काळात किनाराच सरकला. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची. विसाव्या शतकाच्या आरंभी ट्रस्टने माझगाव ते शिवडी असा भराव घातला आणि समुद्रातून सुमारे ५८३ एकर जमीन वर काढली. त्या जमिनीवर रेल्वेचे रूळ आले, गोदामे आली. कुलाब्यातील कापसाचा व्यापार पुढे याच पट्ट्यात हलला. कॉटन ग्रीन स्थानकाचे नाव त्याचीच खूण. इंग्रजांनी १६८० मध्ये बांधलेला आणि १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने ज्या बाजूने बेटावर उतरून हल्ला केला तो शिवडीचा किल्ला एके काळी थेट पाण्यावर नजर ठेवून होता. आज त्याच्या पायथ्याशी उभे राहिले, तर आधी बंदराची आवारे आणि टाक्या दिसतात, मग पाणी. त्या भरावासाठी कोळ्यांना विचारण्याची पद्धत त्या काळी नव्हती.

आजोबांनी पलीकडचा किनारा बदलताना पाहिला. १९५४ आणि १९५५ या लागोपाठच्या वर्षांत माहुल-तुर्भे भागात दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. शेजारीच अणुऊर्जा केंद्र आले. पुढे खत कारखाना आणि औष्णिक वीजही आली. देशाच्या उभारणीतले हे मानाचे प्रकल्प होते आणि त्यांच्या अभिमानात कोळ्यांचाही वाटा होता, हे विसरता कामा नये. पण तेलाच्या धक्क्यांभोवती आणि अणुकेंद्रालगतच्या पाण्यात सुरक्षेसाठी मज्जाव आला. वरच्या अंगाला ठाणे-बेलापूर पट्ट्यात साठच्या दशकापासून रासायनिक कारखाने वसले. मुंबई वाढत गेली तसे तिचे सांडपाणी वाढत गेले आणि त्यातला मोठा हिस्सा याच खाडीत उतरू लागला. कोळी घरातील एखाद्या मुलाने गिरणीत किंवा गोदीत नोकरी धरावी, ही रीत याच काळात पडली. खाडी आणि पगार अशा दोन पायांवर घर उभे राहिले.

वडिलांच्या पिढीत हे दोन्ही पाय डळमळले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने गिरणगाव मोडले. शिवडी त्या गिरणगावाचेच पूर्वेकडील टोक. गोदीत कंटेनर आल्यावर हमालीची कामे आटली. १९८९ मध्ये समोरच्या तीरावर न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि मुंबई बंदराचा व्यापार तिकडे ओढला गेला. गिरणीतून सुटलेला माणूस पुन्हा खाडीकडे वळला, तेव्हा खाडी पूर्वीची राहिली नव्हती. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, तेल पसरले, आणि बाजारात मासळीला गिऱ्हाईक राहिले नाही. एका अपघाताचा फटका काठावरच्या प्रत्येक घराला बसला, मग त्या घराची होडी तेलापर्यंत गेलेली असो वा नसो.

चौथ्या पिढीच्या वाट्याला पूल आला. म्हणजे प्रत्येक पिढीने खाडीचा एकेक तुकडा गमावला आणि उरलेल्यावर भागवले. पर्यावरण अहवालात मात्र नुकसान मोजायला सुरुवात होते ती प्रकल्पाच्या आदल्या दिवसापासून. आदल्या दिवशी खाडी आधीच अर्धी मेलेली असल्याने बुडालेली कमाईही थोडीच भरते.

<b>चिखलाचे अर्थशास्त्र</b>

शिवडीला ओहोटीच्या वेळी गेल्यास डोळ्यांसमोर येतो तो मैलोगणती चिखल. शहरी नजरेला ही पडीक जागा वाटते. प्रकल्पाचे नकाशे काढणाऱ्यांनाही बहुधा तशीच वाटत असावी. प्रत्यक्षात कोळी घराचा रोजचा खर्च या चिखलातून निघतो. निवट्या, चिंबोऱ्या, कालवे, शिंपल्या हे सारे होडीशिवाय, हाताने किंवा साध्या साधनांनी मिळते. बोईसाठी पाग टाकायला कमरेएवढे पाणी पुरते. ही कामे बव्हंशी बायका आणि म्हातारी माणसे करतात. घरातील पुरुष डोलीवर वा नोकरीवर गेलेला असताना सासू-सून ओहोटी साधून चिखलात उतरतात आणि पाणी चढायच्या आत परततात. अष्टमीच्या आसपासच्या भांगात पाणी फारसे हटत नाही, तेव्हा काम मंदावते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात चिखल दूरवर उघडा पडतो, तेव्हा दोन पैसे जास्त मिळतात. पंधरवड्याचे सारे गणित या चंद्रावर बांधलेले.

आता सरकारी दप्तराकडे वळू. मासेमारीचा परवाना बोटीला मिळतो. डिझेलवरील कराचा परतावा यांत्रिक बोटीला मिळतो. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी यांत्रिक बोटींना लागू असते, आणि बिगरयांत्रिक होड्यांना तीतून सूट आहे. त्यामुळे खाडीतल्या लहान मच्छीमाराचा खरा हंगाम हाच. मोठी मासळी बाजारात नसते आणि खाडीच्या चिंबोरीला भाव येतो. पुढे प्रकल्प येतो आणि पात्रतेची छाननी सुरू होते, तेव्हा कागद मागितले जातात ते बोटीचे, परवान्याचे, सहकारी संस्थेच्या सभासदत्वाचे. डोलकराकडे यातला एखादा कागद निघतो. चिखलात उतरणाऱ्या बाईकडे काय असणार? तिची टोपली नोंदवलेली नाही. ती ज्याची बायको किंवा आई आहे, तो पात्र ठरला तर घराला एक रक्कम मिळते. तिच्या स्वतःच्या कमाईचा त्यात उल्लेख नसतो. तो पुरुष नोकरदार निघाला, तर घर मच्छीमार ठरेल की नाही, येथूनच वाद सुरू होतो. गिरणीच्या काळात कोळी घराने शहाणपणाने धरलेला दुसरा पाय असा त्याच्यावरच उलटतो.

याच चिखलावर दुसरा एक हक्कदार आहे, आणि त्याची मोजदाद मात्र काटेकोर होते. तो म्हणजे रोहित, अर्थात फ्लेमिंगो. नव्वदच्या दशकापासून शिवडीला हे पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले. त्यांच्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने येथे उत्सव भरवले. पुलाच्या बांधकामात आवाज कमी व्हावा, खांबांची पद्धत निवडताना चिखलाची कमीत कमी नासधूस व्हावी, पुलाला ध्वनिरोधक असावेत, अशा अटी आल्या आणि पक्ष्यांवर होणाऱ्या परिणामांचा अभ्यासही सोपवला गेला. हे झाले ते उत्तमच. २०१५ मध्ये खाडीच्या वरच्या भागातील १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. शिवडीचा चिखल त्या अभयारण्यात नाही, ही गोष्ट वेगळी.

यातली विसंगती मात्र नोंदवण्याजोगी आहे. धाकटा रोहित जगतो तो प्रामुख्याने पाण्यातील सूक्ष्म शेवाळावर, आणि हे शेवाळ ठाण्याच्या खाडीत फोफावण्यामागे तिच्यात येणारे सांडपाणी हे एक मोठे कारण असल्याचे पक्षी अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या मैल्याने मासळी हटवली, त्यानेच पाहुणा आणला. शिवडीच्या जेट्टीवर दुर्बिणी लावून बसलेल्या हौशी मंडळींना गुलाबी थवा दिसतो, तेव्हा त्यामागे कोळ्याच्या तीन पिढ्यांचे नुकसान उभे असते. पक्ष्यांचे आणि कोळ्यांचे भांडण आहे, असे येथे सुचवायचे नाही. दोघांनाही हवा आहे तो उघडा चिखल आणि वाहते पाणी. पुलामुळे नाही, तरी गाळाने दोघांचीही जागा आक्रसते आहे. गाळ साचला की त्यावर खारफुटी चढते. खारफुटी वाढली म्हणून शहर आनंदते, पण पक्ष्यांच्या उतरण्याची जागा तिने व्यापलेली असते आणि होडीची वाटही अरुंद झालेली असते.

<b>कायद्याला पिढी मोजता येते</b>

न्यायालयांनी मच्छीमारांना वाऱ्यावर सोडले, असे मुळीच नाही. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने न्हावाशेवा बंदराच्या विस्ताराने बाधित झालेल्या उरण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पारंपरिक मच्छीमारांनी स्वतः उभे राहून मिळवलेला तो मोठा निकाल. पुढे १२ ऑगस्ट २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाला वाट मोकळी करून दिली, पण त्याच निकालात मच्छीमारांचा भरपाईचा हक्क मान्य केला आणि राज्याने यासाठी धोरण आखावे, असे बजावले. त्याआधी अशा भरपाईसाठी राज्यात सर्वांना लागू पडेल असा नियमच नव्हता. प्रत्येक प्रकल्पागणिक नवी घासाघीस.

तरीही आकड्याची फोड करून पाहावी. लवादाच्या आदेशातील रक्कम प्रत्येक कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार रुपये पडते. ती एका पिढीवर, म्हणजे पंचवीस वर्षांवर पसरली, तर महिन्याला दोन हजारांहून कमी येतात. पिढीची ही पंचवीस वर्षे आम्ही मनाने धरलेली नाहीत. वनहक्क कायद्यात, २००६ मध्ये संसदेने संमत केलेल्या त्या कायद्यात, पिढी म्हणजे पंचवीस वर्षे अशी व्याख्याच आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या जंगलात राहून त्यावर उपजीविका करणाऱ्यांना, ते आदिवासी नसले तरी, तो कायदा हक्क देतो. वनक्षेत्रातील पाणवठ्यांवरील मासळीचाही त्यात उल्लेख आहे. म्हणजे कागद नसताना पिढ्यांची वहिवाट कशी सिद्ध करायची, गावातील वृद्धांची साक्ष कशी ग्राह्य धरायची, याची रीत आपल्याच कायद्याने घालून दिली आहे. ती जंगलाच्या काठापर्यंत येऊन थांबते. किनाऱ्यावरील पारंपरिक मच्छीमारांसाठी अशा कायद्याचा मसुदा २००९ च्या सुमारास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या पातळीवर चर्चेत होता. कायदा झाला नाही.

भूसंपादनाचा २०१३ चा कायदा पाहू. त्यातील ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत मच्छीमार आणि नावाडी स्पष्ट शब्दांत आहेत; तीन वर्षे पाण्यावर उपजीविका असली की पुरे. अडचण एवढीच की, हा कायदा लागू व्हायला आधी जमीन संपादित व्हावी लागते. भरती-ओहोटीमधली जमीन सरकारची किंवा बंदराची. सरकार स्वतःचीच जमीन स्वतःकडून संपादित करीत नाही. त्यामुळे व्याख्येत असलेला कोळी प्रत्यक्षात त्या कायद्याच्या दारातच उभा राहतो. शिवडीत तर ही अडचण अधिक, कारण येथील किनाऱ्याची जवळपास सारी जमीन मुंबई बंदराच्या ताब्यात आहे. ते केंद्राचे. पूल राज्याच्या प्राधिकरणाचा, मत्स्यव्यवसाय खाते राज्याचे, खाडीत येणारे सांडपाणी महापालिकांचे. दाद मागायला निघालेल्या माणसाने कोणत्या खिडकीपुढे उभे राहावे?

घराचेही तेच. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत मुंबईतील कोळीवाड्यांना प्रथमच नावाने स्थान मिळाले; १९८१ च्या विकास आराखड्यात किंवा शासकीय दप्तरात दिसणारे कोळीवाडे वेगळे आखावेत, असे त्यात म्हटले होते. कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा वाद त्यानंतरही मिटला नाही. राहण्याची घरे एक वेळ नकाशात येतात. जाळी वाळवायची मोकळी जागा, होड्या ओढून ठेवायचा किनारा, धक्क्यापर्यंतची पायवाट हे मात्र नकाशात कोऱ्या जागेसारखे दिसते आणि कोऱ्या जागेला मुंबईत गिऱ्हाईक फार. २०१८ मध्ये बंदर प्रशासनाला आपल्या जमिनीसाठी नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाल्यापासून पूर्व किनाऱ्याच्या विकासाची चित्रे वरचेवर झळकली. विहारपथ, पर्यटन धक्के, घारापुरीपर्यंतचा रज्जुमार्ग. चित्रांत माणसे फिरताना दिसतात. मासळी उतरवताना नाही.

संघटित मागणीने काय साधते, याचे उदाहरण शहराच्या दुसऱ्या किनाऱ्यावर आहे. सागरी किनारा मार्गाच्या वरळी येथील पुलाखालून बोटी नेण्यासाठी दोन खांबांतील ६० मीटरचे अंतर अपुरे असल्याचे वरळी कोळीवाड्याने लावून धरले. काम रोखले, वर्षानुवर्षे किल्ला लढवला. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब गाळून अंतर १२० मीटर करण्याचे सरकारने मान्य केले. मागणी त्याहून अधिकची होती, हे खरे. तरीही आराखडा बदलला. वरळीकडे खोल समुद्रात जाणाऱ्या बोटी होत्या, नोंदलेल्या संस्था होत्या आणि ‘आमची बोट येथून जाणार नाही’ असे मीटरमध्ये सांगता येणारे दुखणे होते. शिवडीचे दुखणे मीटरमध्ये बसत नाही. खांबांमुळे प्रवाह किंचित वळला, गाळ दोन बोटे अधिक बसला, चिखलाची जात बदलली, की निवटीची बिळे उठतात आणि डोलीत पाणी येते पण मासळी येत नाही. ते कळायला दोन-तीन वर्षांचे हंगाम जावे लागतात. तोवर भरपाईची फाइल बंद झालेली असते.

एक आक्षेप येथे विचारात घ्यायला हवा. पुढच्या पिढीला मासेमारी करायचीच नसेल, तर वहिवाटीचा हिशेब कशाला? शिवडीतील तरुण आज बँकेत आहे, मालवाहतुकीच्या कार्यालयात आहे, पलीकडच्या विमानतळाच्या परिसरात काम शोधतो आहे आणि तेथे जायला त्याला हाच पूल सोयीचा आहे. आक्षेप खोटा नाही. पण शेतकऱ्याचा मुलगा पुण्यात नोकरी करतो म्हणून त्याच्या जमिनीचा मोबदला कोणी कमी करीत नाही. जमीन वारशाने येते, वापरो वा न वापरो. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यातून वीज, कर्ज, विमा यांतील सवलतींचा मार्ग खुला होतो. शेतीचा दर्जा मिळाला, मग शेताचा का नाही, हा प्रश्न त्यातून आपसूक पुढे येतो.

तो लवकरच मोठ्या प्रमाणावर विचारला जाणार आहे. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. खर्च ७६ हजार २२० कोटी रुपये. तेथील किनाऱ्यावर डोल आहे, खडकांवरची कालवे आहेत आणि ती गोळा करणाऱ्या बायकाही आहेत. ठाण्याच्या खाडीत अनेक पूल, दोन बंदरे आणि शंभर वर्षांचा भराव होऊन गेल्यावर आता कोणाची डोल कोठे होती, हे शोधणे अवघड आहे. वाढवणला ती अजून जागेवर आहे. प्रत्येक घराची डोलीची जागा, ओहोटीला उघडे पडणारे खडक आणि तेथे जाणाऱ्या बायकांची नावे काम सुरू असतानाच ग्रामसभेसमोर नोंदवून घ्यायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. तहसीलदार, मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना अधिकारी आणि गावातील चार जाणती माणसे एवढ्यांनी ते काम होण्यासारखे आहे.